तिळावर लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मदत हवी आहे

परळवाली:
डॉक्टरांनी तीळ पाहिला आणि "साधाच आहे, लक्ष ठेवा, तीन महिन्यांनी दाखवा" म्हणाले. मोबाईलवर फोटो काढतेय, पण ट्यूबलाइटखाली काळा दिसतो, खिडकीपाशी तपकिरी. वाढलाय की फोटोच जवळून आलाय, तेच कळत नाही. पद्धत सांगा, तारीख जवळ आलीय.

गोरेगावकर:
कुणाचा? वय किती? कुठे आहे? जुना की नवा?

अनघा_डोंबिवली:
माझ्या पाठीवरचा मी सरळ काढून घेतला. दोन टाके, विषय संपला. तुम्हीही काढून टाका.

गोरेगावकर:
काढायचं त्यांनी विचारलेलंच नाही. आणि काढलेला तुकडा बायोप्सीला दिला होता का? पार्लरमध्ये लेसरने जाळतात, मग तपासायला काही उरतच नाही.

अनघा_डोंबिवली:
पार्लर कुठून आलं मध्येच? सर्जनकडे काढला, रिपोर्ट फाइलला आहे.

परळवाली:
आईचा. वय ५८. तळपायावर, टाचेजवळ. आधी होता का, कुणाच्या लक्षात नाही.

सदाकाका:
तळपायाला तीळ म्हणजे प्रवासयोग. आमच्या मावशीला होता, चारधाम झाले तिचे.

निनाद_ठाणे:
ॲप आहेत की. फोटो टाकायचा, लगेच उत्तर.

मेधा_मुलुंड:
निनाद, त्यातली बरीचशी गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकवलेली असतात. आईच्या तळपायासाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

मी त्वचारोग ओपीडीत फोटो काढते. परळवाली, दर वेळी एकच खिडकी, एकच वेळ, फ्लॅश बंद, ब्यूटी फिल्टर बंद. आधी पूर्ण तळव्याचा फोटो, मग जवळचा. मिलिमीटरची पट्टी तिळाच्या शेजारी, कातडीला लागून ठेवा. ती फोटोत असली की मोठा झाला की नाही ते मोजता येतं. फोन अगदी जवळ नेऊ नका, आकार फुगतो. थोडं लांबून २एक्स झूम करा, फोन तळव्याला समांतर धरा. फाइलला तारखेचं नाव द्या.

दोन बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या, एकाहून जास्त रंग, ६ मिमीहून मोठा, बदलत जाणारा, या खुणा बघायच्याच. पण मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा कर्करोग, आपल्याकडे दुर्मीळ असला तरी होतो तेव्हा बरेचदा तळवा, तळहात नाहीतर नखाखाली. तळव्याच्या कातडीला बारीक रेघा असतात. साध्या तिळाचा रंग सहसा खाचांमध्ये बसतो, उंचवट्यांवर पसरला तर काळजी. हे डर्मोस्कोपखाली, म्हणजे डॉक्टरांच्या दिवा लावलेल्या भिंगाखाली दिसतं, मोबाईलवर नाही. लावला होता का?

परळवाली:
आई म्हणते, नुसतं बघितलं. केसपेपरवर 'तीळ, फेरतपासणी' एवढंच.

मेधा_मुलुंड:
मग तारखेची वाट बघू नका. केईएम, नायर, सायन, कुठल्याही त्वचारोग ओपीडीत डर्मोस्कोपीबद्दल विचारा. माप आणि जागा केसपेपरवर लिहून घ्या, डर्मोस्कोपीचा फोटोही मागा. पुढच्या वेळी त्याच्याशीच ताडून बघता येईल. मध्ये रक्त आलं, चिघळला, तर त्याच दिवशी जा.

परळवाली:
उद्या सकाळीच नेते. पट्टी स्टीलची चालेल का?

गोरेगावकर:
स्टील चकाकतं, उजेड फेकतं. कागदी घ्या.

सदाकाका:
मानेवरच्या चामखिळीला चुना लावू का?

मेधा_मुलुंड:
नका लावू काका, भाजेल. वेगळा धागा काढा, तिथे सांगते.