बॉक्सर मरतो आणि त्याची बॉडीच जाळून टाकतात, तो जुना पिक्चर कुठला?

खिडकीशेजारचा
कॉलेजात असताना रात्री टीव्हीवर एक ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर अर्ध्यातून बघितला होता, नाव काही केल्या आठवेना. एक बॉक्सर विमान कोसळून वर जातो, तिथे कळतं की याला चुकून आधीच उचललंय, परत सोडायला येतात तर मॅनेजर बॉडी जाळून मोकळा! मित्र म्हणाला हेवन कॅन वेट असणार, म्हणून काल तो लावला तर रंगीत निघाला आणि त्यात एकजण मेल्यावर सैतानासमोर बसून आपल्या जुन्या भानगडी सांगतोय 😅

आठआण्याचं तिकीट
हिअर कम्स मिस्टर जॉर्डन, 1941. मित्र अगदीच चुकला नाहीये, मूळ नाटकाचं नाव हेवन कॅन वेटच होतं, हॅरी सीगलचं. तुम्ही लावलात तो दिग्दर्शक लुबिचचा 1943 चा, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. वर 1978 ला वॉरन बेटीने रिमेक काढताना तेच नाव घेतलं आणि बॉक्सरचा फुटबॉलवाला केला, मग गोंधळ होणार नाही तर काय.

मावशीबाई
अगं बाई, माझा लाडका पिक्चर! चित्रगुप्ताच्या वहीत 1991 ची तारीख आणि नवशिक्या दूताने 50 वर्षं आधीच आणून ठेवला, का तर म्हणे पडताना त्याला दुखू नये. मग एका बँकरचं शरीर देतात, त्याला त्याच्या बायकोने आणि सेक्रेटरीने टबमध्ये बुडवून मारलेलं असतं. पण मजा अशी की आपल्याला कायम बॉक्सर झालेला रॉबर्ट मॉंटगोमेरीच दिसतो, बाकीच्यांना बँकर, ना मेकअप ना काही. मॅनेजरला पटतच नाही की हा आपला बॉक्सर ज्यो, मग हा सॅक्सोफोन काढून तीच एक धून तशीच बेसूर वाजवतो आणि मॅनेजर झालेल्या त्या जेम्स ग्लीसनचा चेहरा बघा, इतकं वाईट दुसरं कोण वाजवणार!

आठआण्याचं तिकीट
दोन ऑस्कर मिळाली, दोन्ही लिखाणाची. शेवट मात्र मला खटकतो. तिसरं शरीर मिळाल्यावर ज्योची आठवणच पुसून टाकतात, आता सगळं माहीत फक्त मॅनेजरला आणि सांगणार कुणाला. याला कॉमेडी म्हणतात?

मावशीबाई
अहो पण ज्योचं जिच्यावर प्रेम असतं ती मुलगी भेटते की कॉरिडॉरमध्ये, लाईट जातात तेव्हा! ओळख नसून ओळखीचं वाटतं त्यांना.

खिडकीशेजारचा
हाच हाच! लाईट गेलेले आठवतायत. आज रात्री बघतो, यावेळी पहिल्यापासून.