सेल्फ नुसता 'टक्' करतोय? थेट बॅटरी बदलायला सांगू नका

कार्बोरेटरवाला: काल इथे कुणीतरी सल्ला दिला, "जुनी गाडी सेल्फ घेत नसेल तर डोळे झाकून बॅटरी बदला, घरी खटपट करू नका." वाचून डोकंच फिरलं. आमच्या शेजाऱ्यांनी १९९७ च्या मारुती ८०० ला नवी बॅटरी टाकली, आठवड्यात पुन्हा तेच 'टक्'. मीटर लावला तर बॅटरी १२.६ व्होल्ट, ठणठणीत. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला धरून सेल्फ मारायला लावला. तीन व्होल्टच्या वर! अर्धा व्होल्ट आला तरी जास्त. अर्थिंगच्या पट्टीचा (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला जोडणारी) बोल्ट गंजून तांबडा झाला होता. वायर ब्रशने घासला, आवळला, इंजिन लगेच पकडलं. बॅटरीचे पैसे पाण्यात.

गॅरेजवरून: तुम्हाला मीटर वाचता येतो, सगळ्यांना येतो का? अर्धी खोललेली गाडी टोचन लावून आमच्याच दारात आणतात. एका काकांनी बॉनेट उघडून पान्याने स्टार्टर शॉर्ट केला, गाडी गिअरमध्ये. सरळ भिंतीवर. पाय वाचले हेच नशीब.

चिपळूणचा पाऊस: आमच्याकडे सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसली की काम होतं. पण आता खरा छळ ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. रबरी पाइप फुगले, फिल्टर तुंबला.

सांगलीचा ऊस: आलात ना शेवटी उसावर! उसापासूनच्या इथेनॉलमुळे साखर कारखान्याकडे पैसा येतो, आमची उसाची बिलं निघतात. पाइप गाडी घेतल्यापासून बदलले नसतील आणि दोष शेतकऱ्याला?

चिपळूणचा पाऊस: शेतकऱ्याला कोण बोललं? लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, वर ते ओल धरतं. ई२० सोसेल अशा साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. माझी त्याच्या कितीतरी आधीची. पंपावर साधं पेट्रोल ठेवा, एवढंच मागतोय.

सांगलीचा ऊस: ठेवा की, मी कुठे अडवलंय? पण थकलेल्या बिलावर मुलीची फी अडते तेव्हा काय होतं ते एकदा आमच्या घरी येऊन बघा, मग पाइपांचं सांगा.

गॅरेजवरून: अहो, सेल्फच फिरत नाही त्यात पेट्रोलचा काय संबंध? अर्थिंगचं मात्र बरोबर आहे. आमच्यातलेही कितीतरी जण ते शेवटी बघतात. पण मीटर धरण्याआधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढलेली हवी. तेवढं जमत नसेल त्याने हात लावू नये.

कार्बोरेटरवाला: यात वाद नाही. ज्याच्याकडे मीटर नाही त्याने हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे मालवत आले तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. दिवे लख्ख राहून नुसतं 'टक्' झालं तर सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच), स्टार्टर किंवा इंजिनचं अर्थिंग. एवढं बघितल्याशिवाय कुणाला नवी बॅटरी घ्यायला लावू नका.

चिपळूणचा पाऊस: दिवे बघतो. पाइपांचे पैसे कोण देणार, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.