मदत हवी आहे: चुनखडीच्या रानात ज्वारीला डीएपी की सुपर फॉस्फेट?

मंडळी, नमस्कार. मोहोळ तालुका, मध्यम काळी जमीन, बागायती रब्बी ज्वारी, वाण मालदांडी. माती परीक्षण असं: सामू (पीएच) 8.4, चुनखडी 12 टक्के, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी 11 किलो, पालाश (पोटॅश) 560 किलो, जस्त 0.4 पीपीएम, लोह 3.1 पीपीएम. म्हणजे पालाश भरपूर, बाकी सगळीच तूट.

नत्र:स्फुरद:पालाश हेक्टरी 80:40:40 किलो धरलं, तर एकरी 32:16:16. स्फुरदासाठी डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) 35 किलो, त्यात नत्रही असल्याने पेरणीला युरिया 21 किलो आणि महिन्याने पाण्यापूर्वी 35 किलो. सुपर फॉस्फेट घेतलं तर 100 किलो लागतं, युरिया दोन्ही वेळा 35. पण सोबत 11 किलो गंधक मिळतं. चुनखडीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, म्हणून खत रानभर विस्कटून देणार नाही. दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याखाली पेरायचं आहे. माझा कल सुपरकडे आहे. कुणी दोन्ही शेजारी-शेजारी वापरून उतारा मोजलाय का?

झिंक सल्फेट एकरी 8 किलो शेणखतात मुरवून आधीच द्यायचं ठरवलंय, कारण स्फुरदयुक्त खतात मिसळलं की जस्त अविद्राव्य होतं. खरी अडचण लोहाची. हिराकस (फेरस सल्फेट) अशा जमिनीत लगेच निकामी होतं, आणि कोवळी पानं शिरांमध्ये पिवळी पडतातच. हिराकसची 0.5 टक्के फवारणी किती दिवसांच्या अंतराने, किती वेळा? की जमिनीतून ईडीडीएचए चिलेट (चुनखडीतही विद्राव्य राहणारं लोहाचं खत) ज्वारीला परवडतं?

पालाश यंदा पूर्ण वगळावा का, हेही सांगा. कडब्याबरोबर तो दरवर्षी रानाबाहेर जातो.