खारबांधाची उघाडी मिटत नाही, मदत हवी आहे

पनवेल खाडीलगत, उलव्याच्या बाजूला, खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधाआड माझं दीड एकर भातखाचर. शेजारी भराव पडल्यापासून निचऱ्याची नाळ अर्धी बुजली आहे. उघाडीच्या (बांधातलं, शेतातलं पाणी बाहेर सोडायचं दार) लाकडी झडपेत गाळ नि प्लॅस्टिक अडकतं, फटी राहतात आणि उधाणाला खारं पाणी थेट खाचरात. मे महिन्यात मातीचा ईसी (क्षारांचं माप) 9 डेसीसायमन प्रति मीटर, पीएच 7.9. भाताचं उत्पन्न ईसी 3 च्या पुढेच घटू लागतं. कृपया जिप्सम सुचवू नका; जमीन खारी आहे, चोपण (सोडियम जास्त असलेली) नाही. पावसाचं पाणी कोंडून क्षार धुवायचे, पण ते सोडायचं कुठे?

भरतीला आपोआप मिटणारी फायबरची झडप कुणी बसवली आहे का? बांधाच्या पायथ्याशी तिवरं आहेत. ती तोडायची नाहीत (बांध तीच धरून आहेत), मग डागडुजीची माती कुठून उचलावी? ‘पनवेल 3’ या खारं सोसणाऱ्या भातवाणाचं बियाणंही हवंय.