प्लेटिंगच्या पाण्यात वाढवलेली जलपर्णी काढल्यावर तिचं करायचं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ आमचं झिंक प्लेटिंगचं छोटं वर्कशॉप आहे, वडिलांपासूनचं. नट-बोल्ट, वॉशर, ब्रॅकेट असला माल. झिंक (जस्त) चढलं की पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखायला क्रोमियमच्या द्रावणात बुडवणं, मग धुवायच्या टाक्या. त्या धुवणात जस्त येतं आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूपही. सामू (pH) 2-3 वर आणून मेटाबायसल्फाइट घालायचं, त्यानं हे क्रोमियम कमी विषारी रूपात येतं, मग चुना घालून गाळ बसवणं हे आम्ही रोज करतो. तरी एखाद्या दिवशी मात्रा चुकते. या क्रोमियमची मर्यादा लिटरला फक्त 0.1 मिलिग्रॅम; ती ओलांडलेली नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आणि आमच्या खालच्या अंगाला शेतकऱ्यांच्या विहिरी आहेत. मला झोप लागत नाही ती त्यामुळे.

ओडिशात सुकिंदाच्या क्रोमाइट खाणींच्या पाण्यातलं क्रोमियम जलपर्णीनं शोषून घेण्याचे प्रयोग झालेत असं वाचलं. दोन ड्रम उभे चिरून चार टाक्या केल्या, पंचगंगेतून जलपर्णी आणली. एका टाकीत घाईघाईनं कच्चं धुवणच ओतलं. चौथ्या दिवशी पानं कडेनं पिवळी, देठ लोळलेले, मुळांचे झुपके काळे. बोटांत धरले तर शेवाळासारखे सुटून आले. चुन्यानंतरच्या निवळलेल्या पाण्यातली मात्र तरारली, फुटवेही आले. म्हणजे ही वनस्पती शेवटच्या हातासाठी, पहिल्या नाही, एवढं मला कळलं.

अडलोय पुढे. काढलेली जलपर्णी गच्चीवर वाळत घातली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढी हिरवीगार हाय, दे की म्हशीला." मी नको म्हटलं, त्यांना वाईट वाटलं. धातू मुळांत जास्त साठतो, पण पानांत अजिबात नसतो असं नाही. ते दुधात नको. मग गांडूळखत करू? जाळू? की पुरू? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, म्हशीला दिली नाहीत हे फार बरं केलंत. खतही नको, पाला कुजतो, धातू कुजत नाही, तो शेतात जातो. जाळू तर मुळीच नका: राखेत क्षार असतात, त्या उष्णतेत निरुपद्रवी झालेलं क्रोमियम पुन्हा विषारी रूपात येऊ शकतं. तुमचा चुन्याचा गाळ घातक कचरा म्हणून जातो ना, रांजणगावच्या किंवा तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात? वाळवलेली जलपर्णी त्याच वाटेनं द्या, पण आधी तपासून घ्या. पानं टाकीत कुजू देऊ नका, नाहीतर घेतलेला धातू पाण्यात परत येतो. पावसाळ्यात टाकी भरून वाहिली तर ओढ्यात जलपर्णी माजेल, म्हणून वर जाळी हवी. आणि नमुना घेताना जस्ताच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात, हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत नाही. ती थंड ठेवून लगेच लॅबला पोचवा. नदीतून आणलेली कोरी जलपर्णीही तपासा. पंचगंगेतूनच धातू घेऊन आली असेल तर तुमचा हिशेब चुकेल.

मूळ लेखक:
मनापासून आभार. हे शेवटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्या दिवशीची दोन रोपं विहिरीच्या पाण्यात बादलीत ठेवलीत, ती उद्याच लॅबला देतो. गच्चीवरची पोत्यात भरून गाळाशेजारी ठेवली, तारीख घालून. जलपर्णी मेलेल्या टाकीतलं पाणी पुन्हा मेटाबायसल्फाइटच्या टाकीत घेतलंय.