मदत हवी आहे: काकांच्या गोल्फ स्कोअरकार्डवरचा 76 नेमका कुठला?

काका गेल्या महिन्यात गेले. निवृत्त कॉर्पोरेट वकील आणि पक्के गोल्फर. शोकसभेत मला पाच मिनिटं बोलायचं आहे. त्यांच्या खटल्या-करारांबद्दल बोलता येत नाही, कारण अशिलाची गोपनीयता वकील निवृत्त झाला किंवा गेला म्हणून संपत नाही. म्हणून भर गोल्फवर.

त्यांच्या बॅगेत एक कार्ड सापडलं. तारखेप्रमाणे तेव्हा ते 76 वर्षांचे होते आणि तळाशी गोल केलेला आकडा 76. गोल्फमध्ये वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत 18 होल पूर्ण करणं मोठी गोष्ट मानतात, पण ती खऱ्या फटक्यांवर. हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सूट) वजा करून आलेला नेट आकडा चालत नाही. काकांचा हँडिकॅप तेव्हा 12 होता.

पहिल्या नऊ होलची बेरीज मी केली: 39. उरलेले नऊ आकडे पाणी लागून पुसलेत. म्हणजे 76 ग्रॉस (सूट न वजा केलेले खरे फटके) असेल तर तिथे 37, नेट असेल तर 49. दोन्ही शक्य! काही होलच्या चौकटीत छोटे ठिपके आहेत. ते हँडिकॅपचे फटके दाखवतात एवढं कळलं. मार्करची (स्कोअर नोंदवणाऱ्याची) सही आहे, पण तेही आता हयात नाहीत. क्लबकडे जुनी नोंद नाही, विचारून झालं.

खात्री नसलेलं विधान काकांनी कधी सही करून दिलं नसतं, त्यामुळे अंदाजावर बोलायचं नाही.

जुनी कार्डं पाहिलेल्यांना विचारतो: ठिपके असलेल्या कार्डावर तळाशी गोल केलेली एकच बेरीज सहसा ग्रॉस असते की नेट, आणि ते ओळखायची आणखी काही खूण असते का?