स्ट्रिंगमधलं पहिलं 'अक्षर' म्हणजे काय? नंबर, की डोळ्याला दिसतं ते?

पाटीपेन्सिल
मंडळी, जरा चिडूनच लिहितोय. मुलीच्या शाळेत पहिलीच्या वर्गासाठी बिल्ले करायचे होते, मी म्हटलं मी करतो, पायथनमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम, नावांची यादी घ्यायची, पहिलं अक्षर मोठं करून गोलात टाकायचं, खाली पूर्ण नाव. पहिलं अक्षर म्हणजे स्ट्रिंगमधलं (प्रोग्रॅममध्ये साठवलेल्या मजकुरातलं) शून्य नंबरचं, कारण मोजणी शून्यापासून, प्रत्येक क्लासात असंच शिकवतात, मीही तसंच शिकलो. बिल्ले छापून आले तर ज्ञानेश्वरच्या गोलात 'ज', क्षितिजाच्या गोलात 'क' (नावं बदललीत, जोडाक्षरं तीच ठेवलीत). तो पोरगा बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा माझा नाहीये, हा जयचा आहे." नुकताच ज्ञ गिरवायला शिकलाय हो तो, वहीची दोन पानं भरलीत ज्ञ ने, आणि आपण त्याला सांगायचं की बाळा कॉम्प्युटरच्या मते तुझं नाव ज पासून सुरू होतं?

माझं म्हणणं असं की स्ट्रिंगमधून 'एक कॅरेक्टर' मागितलं की वाचणाऱ्याला दिसणारं पूर्ण अक्षर मिळायला हवं. कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने (जगातल्या लिप्यांची सामाईक नंबर-यादी) प्रत्येक चिन्हाला दिलेला नंबर, ज्याला हवा त्याने वेगळा मागावा. आत्ता सगळं उलटं आहे आणि त्याचा त्रास इंग्रजीवाल्यांना होत नाही, आपल्याला होतो.

हेक्सवाला
पोराचं वाईट वाटलं, पण दोष चुकीच्या ठिकाणी देताय. त्या नावावर लूप फिरवून प्रत्येकाचा ऑर्ड (पायथनमध्ये चिन्हाचा नंबर देणारं फंक्शन) छापून बघा. २३३२, २३८१, २३३४, २३६६, २३४४, २३७५, २३५८, २३८१, २३५७, २३५२. म्हणजे ज, पाय मोडण्याचं चिन्ह, ञ, काना, न, मात्रा, श, परत पाय मोडला, व, र. हे दहा नंबर कुठल्याही मशीनवर, कुठल्याही भाषेत, आज आणि वीस वर्षांनी तेच राहणार, कारण एकदा दिलेला नंबर युनिकोड बदलत नाही.

आता तुमचं 'दिसणारं अक्षर' मोजा. आपण म्हणणार चार, ज्ञा-ने-श्व-र. पण युनिकोडचा स्वतःचा नियम २०२३ पर्यंत पाय मोडला की तिथे तुकडा पाडायचा, म्हणजे ज्-ञा-ने-श्-व-र, सहा. १५.१ आवृत्तीत नियम सुधारला तेव्हा चार झाले. जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) सहा सांगते, नवी चार. एकाच नावाची लांबी सर्व्हरवर सहा आणि फोनवर चार आली तर रात्री दोन वाजता उठून तो बग कोण शोधणार? पायाखाली न हलणारी वस्तू पाहिजे आणि ती कोडपॉइंट आहे.

पाटीपेन्सिल
मग हे माझ्याच बाजूचं झालं की! २०२३ पर्यंत नियमच आपल्या जोडाक्षरांना धरून नव्हता. का नव्हता, तर ते लोकांना तातडीचं वाटलं नाही म्हणून. डिफॉल्ट (वेगळं न सांगता मिळणारी पद्धत) तसं असतं तर पहिल्याच वर्षी बोंब झाली असती आणि तेव्हाच दुरुस्त झालं असतं.

फोनवाली
स्विफ्टमध्ये (आयफोन ॲपची भाषा) पहिल्यापासून कॅरेक्टर म्हणजे ग्राफीमच, म्हणजे दिसणारं पूर्ण अक्षरच आहे, तरी जग चाललंय. नंबर देऊन पाचवं कॅरेक्टर थेट मागताच येत नाही, सुरुवातीपासून चालत जावं लागतं, आणि लांबी विचारली तरी अख्खी स्ट्रिंग मोजली जाते. पहिला आठवडा वैताग येतो, नंतर कळतं की ती अडवणूक बरोबर आहे. कोडपॉइंट हवे असतील तर युनिकोड स्केलर्स म्हणून वेगळं दार आहे. पाटीपेन्सिल म्हणतात ते शक्य आहे एवढंच सांगायचंय.

जुनाडीटीपी
मी छापखान्यात मराठी जुळवायला लागलो तेव्हा युनिकोड वापरात नव्हतं. स्क्रीनवर क दिसायचा आणि फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचा नंबर असायचा. अर्धा ण एका की वर, त्याचा दंडा दुसऱ्या की वर, दोन्ही दाबले की पूर्ण ण. पहिली वेलांटी आधी टाइप करायची आणि मग व्यंजन, कारण डोळ्याला तसं दिसतं. सगळं 'दिसतं तसंच' साठवलेलं होतं बरं का! परिणाम काय, फॉन्ट गेला की मजकूर गेला. माझ्याकडे दिवाळी अंकांच्या फाइली आहेत ज्या आज उघडल्या की नुसता रोमन कचरा. शोध नाही, क्रम नाही, एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेणं म्हणजे नव्याने जुळवणी.

युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा ठोकळा दिला, मांडणी आपल्याच इस्कीवरून (भारतीय लिप्यांची आधीची नंबर-पद्धत) घेतली, आणि 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसली तरी साठवताना क आधी, वेलांटी नंतर, आपण उच्चारतो तशी. ज्याने ते दिवस काढलेत त्याला २३२५ म्हणजे क आणि क म्हणजे २३२५ ही गोष्ट किती मोठी आहे ते कळेल. त्या नंबराला दुय्यम म्हणू नका, कळकळीची विनंती.

विदर्भातून
दादा, नंबर महत्त्वाचा आहे कबूल, पण लोक त्यावर नको तेवढा विश्वास टाकतात त्याचं काय? मागच्या कंपनीत ग्राहकांची यादी सरळ सॉर्ट मारून छापायचे. ळ चा नंबर २३५५, ल च्या लगेच पुढे. आपल्या वर्णमालेत ळ कुठे येतो? ह च्या नंतर. मग काळे आधी आणि कासार नंतर छापले जायचे, खरं तर कासार आधी पाहिजे. हस्तलिखित रजिस्टर ठेवणाऱ्या काकूंनी पहिल्या दिवशी चूक दाखवली आणि टीम लीड म्हणतो, "कॉम्प्युटर क्रमाने लावतो, चुकणार कसा?" नंबरांचा क्रम म्हणजे मराठीचा क्रम नाही, एवढी साधी गोष्ट कोणी शिकवलेलीच नसते.

हेक्सवाला
क्रमाबद्दल शंभर टक्के सहमत. नंबर ही ओळख आहे, क्रम नाही, क्रमासाठी कोलेशन (भाषेप्रमाणे क्रम लावायचे नियम) वापरा. पण पाटीपेन्सिल, एक विचारतो. तुम्ही तो बिल्ला शेवटी दुरुस्त कसा केलात?

पाटीपेन्सिल
हातानेच नियम लिहिला. पहिलं व्यंजन घ्यायचं, पुढे पाय मोडण्याचं चिन्ह असेल तर ते आणि त्यापुढचं व्यंजन घ्यायचं, असं जोडाक्षर संपेपर्यंत, मग काना-मात्रा सोडून द्यायच्या. ज्ञ, क्ष, श्र सगळे नीट आले.

हेक्सवाला
म्हणजे २३८१ आला का हेच तपासलंत ना? माझं म्हणणं तेवढंच आहे. अक्षर ओळखायला आधी नंबर बघावा लागतो. तो झाकून ठेवणारी भाषा असती तर तुम्हाला लायब्ररीच्या चुकीच्या सहावर अवलंबून राहावं लागलं असतं.

आणि दिसण्यावर गेलात तर अजून एक खड्डा आहे. यादीत पालकांच्या नावाआधी 'ॲड.' असेल तर तो दोन प्रकारे टाइप झालेला असू शकतो. एक म्हणजे अख्खा ॲ, नंबर २४१८, हा २००८ साली युनिकोडमध्ये आला. दुसरा म्हणजे साध्या अ वर चंद्र, २३०९ आणि २३७३. डोळ्याला सारखेच, पण नॉर्मलाइझ केलं (वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालेलं एकसारखं करायची युनिकोडची प्रक्रिया चालवली) तरी एक होत नाहीत. 'दऱ्या' मधल्या ऱ्य चंही तेच, कोणी २३५३ वाला ऱ वापरतं, कोणी साधा र, पाय मोडून पुढे न दिसणारा जोडक ८२०५. हे तुमच्या 'दिसणाऱ्या अक्षरात' कसं सापडणार?

मोडीवाचक
मध्येच बोलते. निदान कोडपॉइंट तरी मिळतोय म्हणून भांडू शकताय. मोडी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली, पण तिच्या जागा ६५,५३५ च्या पलीकडे आहेत, आणि जावास्क्रिप्ट तेवढा मोठा नंबर दोन तुकड्यांत ठेवते. मोडी अ चा नंबर ७११६८. जावास्क्रिप्टमध्ये जुन्या सवयीने चार-कोड-ॲट (charCodeAt, त्या जागेवरचा नंबर देणारं फंक्शन) विचारलं की ५५३०१ येतं आणि पुढच्या जागेवर ५६८३२, दोन्ही अर्धवट, एकट्याला काही अर्थ नाही. एका अ ची लांबी दोन! कोड-पॉइंट-ॲट वापरलं की बरोबर येतं, २०१५ पासून आहे ते, तरी नव्या धड्यांतसुद्धा जुनंच दिसतं कारण देवनागरीवर दोघं सारखंच उत्तर देतात. माझं लिप्यंतराचं टूल याच्यावर दोन आठवडे अडलं होतं. मी अर्थातच नंबरवाल्यांच्या बाजूने, पण पूर्ण नंबर.

फोनवाली
एसएमएसचं पण लक्षात ठेवा. देवनागरीत एका मेसेजला ७० ची मर्यादा, आणि ती मोजताना ज्ञा ला चार लागतात. बिल दिसणाऱ्या अक्षरांवर येत नाही.

पाटीपेन्सिल
हेक्सवाला, तुमचं वाचून रात्रीच पूर्ण यादीवर लूप फिरवला. ४१ पालकांत तीन ॲड. निघाले, दोन २४१८ वाले, एक अ वर चंद्र देऊन लिहिलेला, आणि तो तिसरा शोधात कधीच येत नव्हता, आम्हाला वाटायचं त्यांनी फॉर्मच भरला नाही. त्यांना दोनदा फोन करून विचारलंय मी, आता माफी मागायला हवी. नंबर बघता यायलाच हवेत, मान्य.

पण डिफॉल्टवर मी हटत नाही. जुनाडीटीपी काकांनी जे दिवस काढले ते मी काढले नाहीत, तरी सांगतो, साठवायला नंबर आणि मागितल्यावर अक्षर, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, फोनवालींनी दाखवलंच की. नवीन शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी आपलं नाव टाकून पहिलं अक्षर मागितलं तर त्याला त्याचं अक्षर मिळावं.

ज्ञानेश्वरचा नवा बिल्ला काल दिला. त्याने आधी ज्ञ वरून बोट फिरवलं, वहीत गिरवतो तसं, आणि मग लावला.

हेक्सवाला
डिफॉल्टवर भांडण चालू ठेवू. तो नियमाचा कोड इथे टाका, शेवटी पाय मोडलेली नावं, सम्यक् वगैरे, त्यात कशी चालतात बघतो.